धुतलेली नळी

नोकरीच्या शेवटून दुसऱ्या वर्षी मी एका न प्यालेल्या माणसाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल धरलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. माणूस खोटं बोलत नव्हता. चूक माझी होती, आणि ती मी एकदा नाही, तीनदा केली.

निवृत्त पोलिसाला लोक शौर्याच्या गोष्टी विचारतात. दरोडा, खून, पाठलाग. तसल्या दोन-चार माझ्याकडेही आहेत आणि दर वेळी सांगताना त्यांत माझी छाती थोडी रुंद होते, हे घरच्यांचं मला सांगून झालं आहे. ही गोष्ट मात्र घडली तेवढीच राहिली. ती सकाळ आठवली की आजही खोलीत मी एकटा असलो तरी मान खाली जाते.

तेव्हा मी बुलडाणा जिल्ह्यात, खामगाव आणि मलकापूरच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. होळी-धुळवडीची मोहीम नुकतीच संपली होती आणि मोहिमेत आमच्या नळ्या संपल्या होत्या.

नळ्या म्हणजे श्वास तपासायच्या मशीनच्या. हे मशीन आता बहुतेकांनी रस्त्यावर पाहिलेलं असतं. चालकानं प्लास्टिकची छोटी नळी तोंडात धरून फुंकायचं, मशीन आकडा दाखवतं आणि चिठ्ठी काढून देतं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. नळी दर माणसाला नवी द्यायची, तिचं पाकीट त्याच्यासमोर फोडायचं. हा नियम मला पाठ होता. नव्या पोलिसांना तो मीच शिकवत असे, बोट वर करून.

त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी आमचे हवालदार समोर येऊन उभे राहिले. नोकरी माझ्याइतकीच झालेली, अंगानं बारीक, आणि कुठलीही वस्तू फेकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"साहेब, नळ्या खतम. जिल्ह्याले मागणी पाठवली, पन मंगळवारच्या आत काई येत नाई."

"एकही नाही?"

"वापरलेल्या आहेत ना. पिशवीभर ठेवल्या म्या. प्लास्टिक कसं एकदम कडक आहे पाहा."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मंगळवारपर्यंत तपासणी बंद. मी म्हणालो, "स्वच्छ करा, जंतू मारा आणि वापरा. तोंडी हुकूम."

"जंतू माराले का वापरू?"

"आहे ते वापरा हो. कोरोनात एवढं शिकलो ना आपण?"

हवालदार "हाव साहेब" म्हणून गेले. मी फाइलीत डोकं घातलं. पहिली चूक करायला मला एवढाच वेळ लागला.

दहा मिनिटांनी ठाण्यातला फोन वाजला. बाईचा आवाज होता, दबका आणि घाईचा.

"उद्या सकाळी शाळेच्या पिवळ्या गाडीवाल्याले तपासा. तो पेऊन चालवते."

"आपण कोण?"

"लेकराची माय," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

निनावी फोन आला की पोलीस आरोपीच्या आधी फोन करणाऱ्यावर संशय घेतो. मीही घेतला. गावात शाळेच्या दोन गाड्या होत्या. दुसऱ्या गाडीवाल्याचं या पिवळ्या गाडीवाल्याशी फेऱ्यांवरून वाजलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे हा फोन त्या दुसऱ्या गाडीवाल्याच्या बायकोनं केला असावा, असं मी ठरवलं. हवालदारांना ते सांगितलंही, डोळा बारीक करून. "पण माहिती खरीही असू शकते," मी म्हणालो. "कारण पिवळा गाडीवाला पूर्वी पीत होता."

"पूर्वी म्हनजे लय पेत होता, साहेब. बसस्टँडच्या मांगं पडून राह्यचा. पन सोडली त्यानं. दोन वर्षं झाली."

"सोडली असं सगळेच म्हणतात."

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा वापरलं याची गणती नाही. ते बोलताना फार शहाण्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वळणावर आम्ही बॅरिकेड लावून उभे राहिलो. सव्वासातला पिवळी गाडी आली. आत अकरा मुलं. चालक चाळिशीचा, धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल. मी हात केला, त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरला. लायसन, आरसी, विमा, फिटनेस, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमानं लावलेलं. आता पाहा संशय कसं काम करतो ते. कागद नसते तर मला तो बेफिकीर वाटला असता. कागद इतके नीट होते म्हणून मला तो तयारीचा वाटला.

"कुठून येऊन राह्यला?" मी विचारलं.

त्यानं उत्तर दिलं ते तोंड बाजूला फिरवून. पुन्हा काही विचारलं तर ओठांपुढे हात धरून बोलला. आणि तोंडाला विलायचीचा घमघमाट.

"सकाळी सकाळी विलायची काऊन बे?"

"तशीच, साहेब."

"तशीच?"

त्यानं मान खाली घातली. माझी मात्र वर गेली. गणवेशातल्या पोलिसाला वाजवी संशय आला तर तो चालकाला श्वासाची चाचणी द्यायला सांगू शकतो, असं कायदा म्हणतो. माझ्याजवळ संशय भरपूर होता. वाजवी हा शब्द मी त्या दिवशी वाचला नाही.

हवालदारांनी मशीनला नळी लावून पुढे केली. त्यानं एकदा नळीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फुंकलं.

एकसष्ट.

"साहेब, मशीन पाहा बरं. म्या नाई घेतली. दोन वर्षं झाली, एक थेंब नाई. कोनालेही विचारा."

"मशीनलाच विचारलं की."

समोरच्या सीटवरून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे एकटक पाहत होती. बाकीची मुलं कलकलाट करत होती, ती गप्प होती. ती त्याची मुलगी आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी वेगळा वागलो असतो, असं म्हणायचा मोह होतो, पण नसतो वागलो.

मुलांना दुसऱ्या गाडीनं महिला पोलिसासोबत शाळेत पोचवलं, पिवळी गाडी ठाण्यात आणली, लायसन जप्त केल्याची पावती दिली, अटकेचे कागद केले, घरी कळवायला फोन लावला. कागदात मी कधीच चुकत नसे. चूक करतानाही कागद चोख.

ठाण्यात आल्यावर मी मोठ्या न्यायबुद्धीनं ठरवलं की याला दुसरी संधी देऊ. हवालदारांनी दुसरी नळी लावली. त्यानं जीव खाऊन फुंकलं.

एकशे अठरा.

हवालदारांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, हा मानूस इथं खुर्चीवर बसून राह्यला. बसल्या बसल्या जास्त पेलेला कसा झाला?"

हा प्रश्न त्या सकाळी ठाण्यातला सर्वांत हुशार प्रश्न होता. मी त्याला उत्तर दिलं, "चढत असेल."

"चढते, हे बराबर. पन मशीनवर?"

"हवालदार, तुम्ही चहा सांगा."

ही दुसरी चूक. आता चौकशी. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की समोरचा घाबरतो, ही माझी जुनी युक्ती.

"सकाळी किती वाजता घराबाहेर पडतो?"

"सहाले."

"शाळेची फेरी पावणेसातची. पाऊण तास कुठं असतो?"

तो फरशीकडे पाहू लागला.

"हल्ली लवकर निघतो ना?" हे मी अंदाजानं फेकलं होतं. तो दचकला. दगड आंब्याला लागला, असं मला वाटलं.

"कुठं बसतो?"

"ठेल्यावर, साहेब."

"कशाच्या ठेल्यावर?"

त्याचा हात नकळत पॅंटच्या खिशाकडे गेला. आरोपीच्या हाताकडे पाहा, तोंडाकडे नाही, असं मी नव्यांना सांगत असे. मी उठून उभा राहिलो. "काढ. खिशात आहे ते काढ."

"साहेब, घरी नका सांगू."

"काढ म्हणतो ना!"

मला वाटलं दारूची चपटी निघेल. निघाली प्लास्टिकची पन्नी, रबर लावलेली. आत ओली सुपारी, तंबाखू, चुना. खर्रा. तो हात जोडून उभा राहिला. "दारू सोडली त्याच दिवशी बायकोनं तंबाखूचीबी शपथ घातली होती. दोन आठवड्यापासून पुना लागला. सकाळी ठेल्यावर खातो, वरून विलायची खातो. हेच लपवत होतो, साहेब. दारू नाई हो."

कबुली होती, फक्त मला हवी होती त्या गुन्ह्याची नव्हती. शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता: विलायची कळली, लवकर निघणं कळलं, तोंड फिरवणं कळलं, मग दारूचा पुरावा काय उरला? फक्त आकडा. पण मी म्हणालो, "एक सांगितलंस. आता दुसरं सांग." माणूस खरं बोलला तर ते अर्धंच आहे, असं धरून चालायची सवय मला तीस वर्षांत लागली होती.

अटक केल्यापासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. सव्वाआठला आम्ही सरकारी दवाखान्यात होतो. डॉक्टर तरुण बाई होत्या, रात्रपाळी करून दमलेल्या. त्यांनी त्याला सरळ रेषेत चालवलं, बोटानं नाकाचा शेंडा गाठायला सांगितला, डोळ्यांत बॅटरी मारली. मग रक्त घेताना नर्सनं कापसाचा बोळा बाटलीकडे नेला तशा त्या म्हणाल्या, "स्पिरिट नको, सिस्टर. नुसत्या पाण्यानं पुसा." आणि मला सांगितलं, "दारूचा नमुना आहे ना, सर. कातडीला स्पिरिट लागलं तर तेच रिपोर्टमध्ये येऊ शकतं. निष्पाप माणूस अडकेल."

मी मान डोलावली. "अगदी बरोबर," असंही म्हणालो. म्हणजे उत्तर माझ्या हातात आणून दिलेलं, मी ते ऐकलेलं, त्याला दाद दिलेली, आणि तसाच कोरा परत आलो. ही तिसरी.

जाताना डॉक्टर म्हणाल्या, "चाल, बोलणं, डोळे सगळं ठीक आहे. मला हा प्यालेला वाटत नाही. पण रक्त सांगेल."

"कधी सांगेल?"

"प्रयोगशाळेतून यायला काही आठवडे."

बाहेर बाकावर तो बसला होता. त्यानं हे ऐकलं. "साहेब," तो म्हणाला, "मले आठवडे नाईत. शाळेतून सचिवाचा फोन आला होता. सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर ठेवतो म्हने. आन् बायको..."

बायको आम्ही परतलो तेव्हा ठाण्याच्या पायऱ्यांवर बसलेली होती. बाजूला कपड्यांची बॅग. पस्तिशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"पेलेला निंगाला का?" तिनं मला विचारलं.

मी थोड्या गंभीर सुरात म्हणालो, "मशीनमध्ये दोनदा आलं आहे, ताई."

तिनं बॅगेचा पट्टा हातात घेतला. "मंग माही अकराची गाडी आहे. मलकापूरले माहेर आहे माहं. पोरगी शाळेतून घेतली की चालली मी. त्यानं शपथ मोडली तर मी जाईन, हे दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं आमचं."

"म्या नाई घेतली!" तो ओरडला. "लेकराची आन, नाई घेतली!"

"लेकरानं पाह्यलं तुले आज. समोरच्या सीटवरून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला दया आली, असं लिहायला हरकत नव्हती. मला आला संशय. ही बाई चिडायला हवी होती, रडायला हवी होती, पण हिला काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. फोन केला तेव्हा आम्ही फक्त 'ठाण्यात आहे' म्हणालो होतो आणि ही बॅग भरूनच आली होती. आवाजही कुठंतरी ऐकलेला.

"ताई, काल संध्याकाळी फोन तुम्ही केला होता?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "हाव. म्या केला. माह्या लेकरासकट अकरा लेकरं बसतात त्या गाडीत. दोन आठवड्यापासून हा विलायची खाऊन येते. लवकर पयते घरून. विलायची खानारा मानूस काईतरी लपवते. इचारलं तर काई नाई म्हनते. म्हनून म्हटलं, पोलीस पाह्यतीन. पोलिसाच्या मशीनचं तरी खरं निंगन."

माझी दुसऱ्या गाडीवाल्याच्या बायकोची गोष्ट तिथं जमिनीवर पडली. हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमचा संशय बरोबर होता," मी म्हणालो. "मशीन खोटं बोलत नाही. तुमच्यासमोर दाखवतो." बाई शांत जाव्यात, उगाच पोलिसांवर बोल येऊ नये, म्हणून मी तिसरी चाचणी घेतली. हवालदारांनी नळी आणली. तो फुंकायला तयार नव्हता. "घे बे, लवकर," मी म्हणालो. त्यानं फुंकलं.

एकशे चाळीसच्या वर.

बाईनं डोळे मिटले. मग अचानक ती पुढे आली, नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फुक."

"काय?" मी विचारलं.

"माह्या तोंडावर फुक."

त्यानं फुंकलं. मुकाट, सवयीनं. मग मला कळलं की दोन वर्षं हे रोज चालत होतं. संध्याकाळी गाडी लावून तो आला की उंबऱ्याबाहेर थांबायचा, ती दारात येऊन समोर उभी राहायची, तो फुंकायचा, ती मान हलवायची, मग तो आत जायचा. पाहुणे असले तरी. एकदा त्याच्या बहिणीच्या सासरची माणसं जेवायला बसलेली असतानाही. माझ्या मशीनला कंपनीनं गॅरंटी दिली होती. या मशीनची दोन वर्षांत एक दिवस सुट्टी झाली नव्हती.

तिनं वास घेतला. भुवया जवळ आल्या. पुन्हा घेतला.

"हा देशीचा वास नाई," ती म्हणाली. "मोहाचा नाई. इंग्लिशचाबी नाई. सारे वास मले ठाऊक आहेत याचे. हा दवाखान्याचा वास आहे."

"दवाखान्यातूनच आलो आम्ही," मी म्हणालो.

"दवाखान्याचा वास कपड्याले लागते, साहेब. व्हटाले लागत नाई." आणि तिनं हवालदारांच्या हातातून मशीन घेतलं. मी नको म्हणायच्या आत नळी नाकाशी धरली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेसाठी मराठीत शब्द असेल, पण मी तो इथं लिहिणार नाही.

"मले फुकू द्या."

"ताई, हे सरकारी काम आहे. तुमच्यावर संशय नाही."

"तुमी म्हनता मशीन खोटं बोलत नाई. मंग मले काऊन भेता?"

ठाण्यातले सगळे पाहत होते. "लावा हवालदार, नळी लावा," मी म्हणालो. तिनं पदर कमरेला खोचला आणि फुंकलं.

चौऱ्याण्णव.

ज्या बाईनं आयुष्यात थेंब घेतलेला नव्हता, ती पहिल्याच फुंकरीत कलम १८५च्या पार निघून गेली होती.

"हवालदार," मी म्हणालो, आणि माझा आवाज आता मुद्दाम खाली आणावा लागला नाही, "नळ्या कशानं धुतल्या?"

"तुमीच म्हटलं ना, साहेब, कोरोनातलं वापरा." त्यांनी टेबलाखालून डबा ओढला. पाच लिटरचा सॅनिटायझर. झाकण उघडलं तर आत सात नळ्या पोहत होत्या. "चांगल्या बुडवून ठेवल्या. एक जंतू शिल्लक नाई."

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं की आत सत्तर टक्के अल्कोहोल आहे. तो डबा तीन वर्षं माझ्या टेबलाखाली होता. पाय लागायचा मला त्याला. पहिली नळी थोडी झटकलेली, म्हणून एकसष्ट. दुसरी कमी झटकली, म्हणून जास्त. तिसरी तर थेट डब्यातून काढलेली. चढत होती ती दारू नव्हती, आमचा आळस होता.

मीही फुंकलं. खात्री करायला हवी, असं म्हणालो. खरं म्हणजे त्या क्षणी काहीतरी करायला हवं होतं. एकशे साठ आलं. त्या सकाळी आमच्या हद्दीत सर्वांत जास्त प्यालेला माणूस मी होतो, आणि माझ्या अंगावर गणवेश होता.

पुढचं कागदावर आहे. वरिष्ठांना फोन केला, स्टेशन डायरीला झालं तसं लिहिलं, त्याला तिथल्या तिथं मोकळं केलं, लायसन परत दिलं. धुतलेल्या नळ्या हवालदारांना माझ्यासमोर तोडायला लावल्या. ते त्यांना फार जड गेलं. मला खुलासा मागणारं ज्ञापन आलं. खुलाशात मी हवालदारांचं नाव घातलं नाही, कारण हुकूम माझा होता. रक्ताचा अहवाल काही आठवड्यांनी आला: दारूचा अंश आढळला नाही. डॉक्टरबाईंनी पाण्यानं पुसलं म्हणून त्या माणसाच्या बाजूनं निदान एक कागद पक्का राहिला.

लोक विचारतात म्हणून सांगतो. तुम्हाला थांबवलं तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, कागद दाखवा, वाद घालू नका. नळीचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या पोलिसाला त्याचा राग येत नाही. नुकतंच खोकल्याचं औषध घेतलं असेल, तोंड धुवायच्या औषधानं गुळण्या केल्या असतील, तर तसं सांगा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. मशीनवर विश्वास नसेल तर रक्ततपासणी मागा. चाचणी नाकारू नका, त्यानं संशय वाढतो आणि कायदाही तुमच्या विरुद्ध जातो. हा गुन्हा रस्त्यावर मिटत नाही, कोर्टात जातो. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि माझा हा लेख खिशात घालून पिऊन गाडी चालवू नका. तोंडातल्या सॅनिटायझरचा आकडा पाव तासात उतरतो. पोटातल्या दारूचा उतरत नाही, हे माझ्या मागून आलेले ठाणेदारही जाणतात.

मी स्वतः काय शिकलो, ते सांगणं कठीण आहे. संशय हे पोलिसाचं हत्यार आहे, असं मी नेहमी म्हणत आलो. त्या दिवशी कळलं की त्याला भूक फार असते. नीट कागद दिले तर तो ते खातो, कबुली दिली तर ती खातो, डॉक्टरचं वाक्यही खातो, आणि तरी उपाशीच राहतो. त्या बाईलाही संशय होता, माझ्यापेक्षा जुना आणि माझ्यापेक्षा खोल. पण ती पुन्हा वास घेऊन पाहायला तयार होती. मी नव्हतो.

तरी त्या दिवसाचा शेवट सांगायचा राहिला.

सगळं उलगडल्यावर मी त्या दोघांसमोर हात जोडले. तो लगेच म्हणाला, "जाऊ द्या साहेब, होते." बाई म्हणाली, "जाऊ काऊन द्या? शाळेतल्या सचिवानं काढलं याले. तुमी फोन नका करू. चला, आन् तुमच्या तोंडानं सांगा."

म्हणून साडेदहाला मी पिवळ्या गाडीत, चालकाच्या शेजारी, त्याच्या मुलीच्या सीटवर बसून शाळेत गेलो. मागे बाई बॅग मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत एकदा ती म्हणाली, "आन् तो खर्रा. त्याचं घरी गेल्यावर पाहू." त्यानं गिअर चुकीचा टाकला.

शाळेच्या ऑफिसात सचिव, मुख्याध्यापक, दोन शिक्षिका होत्या. दारात ती मुलगी उभी होती. मी टोपी काढून सांगितलं, हा माणूस प्यालेला नव्हता, चूक पोलिसांची झाली, याला कामावर ठेवा. सॅनिटायझरचं मी बोललो नाही. 'तांत्रिक कारण' असं म्हणालो. तीस वर्षांत मी ते शब्द किती जणांकडून ऐकले होते.

मुलगी धावत येऊन बापाच्या पायाला बिलगली. सचिवांनी चष्मा वर केला. "सोमवारी या म्हणावं त्यांना. पण साहेब, एक कळलं नाही. यांनी घेतलीच नव्हती, तर मशीनमध्ये दारू आली कुठून?"

मी घसा साफ केला. बाईनं बॅग खांद्यावरून खाली ठेवली.

"दोन वर्षं झाली सचिव साहेब, गावातल्या दोस्तायनं लय जोर लावला," ती म्हणाली. "लग्नात, पोळ्याले, होळीले. कोनाच्यान याले एक थेंब पाजनं झालं नाई. या साहेबायनं सकाळी सव्वासातले पाजली, ते बी लेकराइच्या समोर."